२६ बाइटचं काँट्रॅक्ट: ईव्हीएम असेंब्लीचा बाइटकोड हाताने कसा करायचा

माझा भाचा स्मार्ट काँट्रॅक्टं लिहितो, म्हणजे ब्लॉकचेनच्या साखळीवर राहणारे छोटे प्रोग्रॅम. दिवाळीत घरी आला होता. फराळाची ताटली बाजूला, लॅपटॉपवर आकड्यांची लांबच लांब माळ, आणि हा कपाळाला हात लावून बसलेला. मी चष्मा चढवून पाहिलं. ६० ८० ६० ४० ५२...

"हे ऑपकोड आहेत का रे?"

"हो गं मावशी, पण ते कोणी वाचत नाही."

कोणी वाचत नाही म्हणजे काय! मी पॉलिटेक्निकमध्ये २२ वर्षं मायक्रोप्रोसेसरची लॅब घेतली. ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर पोरं हेच तर करायची. जर्नलमध्ये पाच रकाने आखायचे: पत्ता, ऑपकोड (सूचनेचा आकडा), लेबल (उडी मारायच्या जागेचं नाव), निमॉनिक (सूचनेचं छोटं नाव), शेरा. भिंतीवरच्या तक्त्यात बघून एकेक ऑपकोड भरायचा आणि मग किटच्या कीपॅडवर दाबत बसायचं. कॉम्पायलर नाही, काही नाही. म्हणून त्याच रात्री इथेरियम या ब्लॉकचेनचा तक्ता उघडला आणि लक्षात आलं, की ईव्हीएम, म्हणजे इथेरियमची आभासी यंत्रणा, किटपेक्षा सोपी आहे. फक्त दोन-तीन ठिकाणी ती ८०८५वाल्याला हमखास पाडते. ती ठिकाणं दाखवत एक पूर्ण काँट्रॅक्ट हाताने करू. सोबत कागद-पेन्सिल घ्या आणि खोडरबर तर घ्याच.

लिहिण्याबद्दल आधीच सांगते. सगळे बाइट सोळाच्या पायात आहेत. दहा ते पंधरासाठीची अक्षरं मी उच्चाराप्रमाणे ए, बी, सी, डी, ई, एफ अशी लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे. आणि ०९नंतर ०ए येतो, १० नाही! दर वर्षी निम्मा वर्ग इथेच घसरायचा.

यंत्र कसं आहे ते आधी बघू. ८०८५मध्ये ए, बी, सी, डी, ई, एच, एल अशी रजिस्टरं होती. इथे एकही नाही. आहे ती नुसती चवड, स्टॅक. मांडवात ताटांची चवड असते तशीच: वर ठेवायचं, वरून उचलायचं. प्रत्येक ताट ३२ बाइटचं आणि चवड जास्तीत जास्त १०२४ ताटांची. शिवाय मेमरी आहे, ती कॉल संपला की पुसली जाते. आणि स्टोरेज आहे, ते साखळीवर कायमचं राहतं आणि म्हणूनच महाग. हे सगळं गॅव्हिन वुड यांच्या २०१४च्या यलो पेपरमध्ये आहे. गणिती चिन्हांना घाबरत नसाल तर त्यातला शेवटाकडचा ऑपकोडचा तक्ता तेवढा छापून घ्या.

बहुतेक सूचना एका बाइटच्या. पोटात आकडा घेऊन येणारं एकच कुटुंब, पुश. ६० म्हणजे पुश१: पुढचा एक बाइट उचल आणि चवडीवर ठेव. ६१ म्हणजे पुश२: पुढचे दोन उचल. असं करत ७एफ म्हणजे पुश३२. बाकी कोणाच्याच पोटात काही नसतं, सगळे चवडीवरून घेतात. त्यामुळे पत्ते मोजताना लक्ष फक्त पुशवर ठेवायचं.

आता काँट्रॅक्ट ठरवू. अगदी साधा मोजणारा. रिकामा कॉल आला तर आतापर्यंतची संख्या परत द्यायची. कॉलसोबत काहीही डेटा आला, एक बाइट का असेना, तर संख्या एकने वाढवायची. संख्या ठेवायची स्टोरेजच्या शून्य क्रमांकाच्या खणात.

पहिली पायरी: निमॉनिक लिहा आणि प्रत्येक ओळीसमोर चवडीवर काय आहे ते शेऱ्यात लिहा. हा शेरा टाळू नका. पोरं व्हायवाच्या आदल्या रात्री सगळे शेरे एकदम लिहायची आणि ते ओळखू यायचं. इथे गोम अशी, की सूचनेला जे आधी लागतं ते सर्वांत वर हवं, म्हणजे तुम्ही ते शेवटी ठेवायचं. रिटर्न आधी मेमरीतला पत्ता उचलतो, मग लांबी. म्हणून आधी लांबी पुश करायची आणि नंतर पत्ता. अट बघून उडी मारणाऱ्या जंपआयला वर उडीचा पत्ता आणि खाली अट लागते. स्टोरेजमध्ये साठवणाऱ्या एसस्टोअरला वर खणाचा क्रमांक, खाली किंमत.

दुसरी पायरी: पत्ते आणि बाइट भरा. ज्या उडीचा पत्ता अजून माहीत नाही तिथे रेघ मारून पुढे जा.

०० : ३६ : कॉलडेटासाइझ
०१ : ६० __ : पुश१ वाढव
०३ : ५७ : जंपआय
०४ : ६० ०० : पुश१ ००
०६ : ५४ : एसलोड
०७ : ६० ०० : पुश१ ००
०९ : ५२ : एमस्टोअर
०ए : ६० २० : पुश१ २०
०सी : ६० ०० : पुश१ ००
०ई : एफ३ : रिटर्न
०एफ : ५बी : जंपडेस्ट, लेबल वाढव
१० : ६० ०१ : पुश१ ०१
१२ : ६० ०० : पुश१ ००
१४ : ५४ : एसलोड
१५ : ०१ : ॲड
१६ : ६० ०० : पुश१ ००
१८ : ५५ : एसस्टोअर
१९ : ०० : स्टॉप

वरून खाली वाचा. आलेल्या डेटाची लांबी चवडीवर गेली. ती शून्य नसेल तर "वाढव"वर उडी. शून्य असेल तर खाली सरकायचं: शून्य खणातली संख्या काढली, मेमरीत शून्यावर ठेवली आणि तिथून २० बाइट परत दिले. हा २० म्हणजे बत्तीस बरं का, वीस नव्हे. "वाढव"मध्ये एक ठेवला, त्यावर जुनी संख्या ठेवली, बेरीज केली, खण क्रमांक शून्य वर ठेवला आणि साठवलं. शेवटचा स्टॉप खरं तर नसला तरी चालतं, कोड संपला की यंत्र आपोआप थांबतं. पण ७६ म्हणजे हॉल्ट न लिहिणाऱ्या मुलाची जर्नल मी कधी सही करून दिली नाही, तर स्वतःला कुठून सूट देणार?

तिसरी पायरी: सोडलेली रेघ भरा. "वाढव" ०एफ वर आलं, म्हणून ०१च्या ओळीत ६० ०एफ. आता सगळे बाइट एका ओळीत:

३६ ६० ०एफ ५७ ६० ०० ५४ ६० ०० ५२ ६० २० ६० ०० एफ३ ५बी ६० ०१ ६० ०० ५४ ०१ ६० ०० ५५ ००

मोजा. २६ भरले पाहिजेत, सोळाच्या पायात १ए.

८०८५वाल्यांनो, इथे दोन गोष्टी. तिकडे जंप म्हणजे सी३ आणि मागे पत्ता, तोही उलटा: २०५०वर जायचं तर सी३ ५० २०. इथे सगळं सरळ, मोठा बाइट आधी. ०१२० हा पत्ता पुश करायचा तर ६१ ०१ २०. मी पहिल्या दिवशी सवयीने उलटं लिहिलं. दुसरी गोष्ट, किटवर कुठल्याही पत्त्यावर उडी मारता यायची, अगदी सूचनेच्या पोटात सुद्धा, आणि मग डेटाच ऑपकोड म्हणून चालायला लागायचा. इथे उडी जिथे पडते तिथे ५बी असलंच पाहिजे, नाहीतर यंत्र तिथल्या तिथे कॉल बाद करतं. आणि ते ५बी खरं हवं: पुशच्या पोटातला आकडा योगायोगाने ५बी असेल तर तो धरत नाहीत. कोड चालवण्याआधी यंत्र पहिल्या बाइटपासून चालत येऊन, पुशची पोटं वगळून, खऱ्या ५बींची यादी करून ठेवतं. हे मला फार आवडलं. किटला एवढी अक्कल असती तर माझे निम्मे तास वाचले असते.

आता सगळ्यांना चकवणारी पायरी. हे २६ बाइट तसेच साखळीवर पाठवले तर आपलं काँट्रॅक्ट तयार होत नाही. ज्या व्यवहारात घेणाऱ्याचा पत्ता रिकामा असतो, त्याचा डेटा यंत्र एक प्रोग्रॅम म्हणून एकदाच चालवतं, आणि तो प्रोग्रॅम जे बाइट परत देईल ते काँट्रॅक्टचा कोड म्हणून साठवतं. म्हणजे आपल्या कोडपुढे एक छोटा हमाल लागतो: मागचे २६ बाइट उचल, मेमरीत ठेव, परत दे. उचलायचं काम कोडकॉपी करतो. त्याला वरून खाली असं लागतं: मेमरीत कुठे, कोडमध्ये कुठून, किती.

०० : ६० १ए : पुश१ १ए
०२ : ८० : डुप१
०३ : ६० ०बी : पुश१ ०बी
०५ : ६० ०० : पुश१ ००
०७ : ३९ : कोडकॉपी
०८ : ६० ०० : पुश१ ००
०ए : एफ३ : रिटर्न

लांबी दोनदा लागते, एकदा कॉपीला आणि एकदा रिटर्नला. म्हणून डुप१ने तिची जोडी करून घेतली. हमाल ११ बाइटचा, म्हणजे आपला कोड ०बीपासून सुरू, आणि हा ०बी हमालाच्याच पोटात लिहायचा आहे. आधी हमाल पूर्ण लिहा, मोजा, मग हा आकडा भरा. पाठवायचा पूर्ण बाइटकोड ११ अधिक २६, एकूण ३७ बाइट:

६० १ए ८० ६० ०बी ६० ०० ३९ ६० ०० एफ३ आणि लगेच पुढे वरची ३६ने सुरू होणारी ओळ.

तपासायला खरे पैसे लागत नाहीत. भाच्याने फाउंड्री नावाचा संच टाकून दिला. त्यातलं ॲनव्हिल चालू केलं की तुमच्याच संगणकावर एक खेळण्यातली साखळी उभी राहते, दहा खाती आणि प्रत्येकात १०,००० खोटे इथर, म्हणजे इथेरियमचं चलन. त्यातल्याच कास्ट या हत्याराने घेणारा रिकामा ठेवून ३७ बाइट पाठवायचे, पावतीवर काँट्रॅक्टचा पत्ता येतो. सर्वांत आधी त्या पत्त्यावरचा कोड परत मागवा आणि कागदाशी बाइट-बाइट ताडून पाहा. मग रिकामा कॉल करा, ३२ बाइट शून्य यायला हवेत. मग ०१ एवढाच डेटा घालून एक व्यवहार पाठवा आणि पुन्हा रिकामा कॉल करा. आता शेवटचा बाइट ०१.

माझा पहिल्यांदा आला नाही. त्याचं झालं असं. हमाल मी आधी डुप१शिवाय लिहिला होता, लांबी दोनदा पुश करून. तो १२ बाइटचा होता आणि पोटात ०सी होतं. मग शहाणपणा करून डुप१ घातला, एक बाइट वाचवला आणि ०सी बदलायची विसरले. काँट्रॅक्ट तयार झालं, पावती आली, सगळं हिरवं. पण कुठलाही कॉल केला की बाद. अर्धा तास मी जंपआयकडेच संशयाने बघत होते. शेवटी साठवलेला कोड परत मागवला तर तो ६० ०एफ ५७ने सुरू होत होता. पहिला ३६ गायबच! हमालाने एक घर पुढून उचललं होतं. शेवटी एक बाइट कमी पडला, तिथे कोडकॉपीने मुकाट्याने शून्य भरलं आणि २६ची लांबी बरोबर करून दिली. ३६ नाही म्हणजे चवडीवर एकच ताट, जंपआयला हवी दोन, म्हणून दुसऱ्याच सूचनेला बाद. तयार होताना तक्रार नाही आणि चालवताना प्रत्येक वेळी तक्रार, असं दिसलं की आधी हमालाचे दोन आकडे तपासायचे, लांबी आणि सुरुवात. भाचा मागून म्हणाला, "मावशी, खऱ्या साखळीवर असतं ना, तर या चुकीचं बिल आलं असतं." बाद झालेला असा कॉल दिलेला सगळा गॅस, म्हणजे यंत्र चालवायची फी, खाऊन टाकतो, हे मला तेव्हा कळलं.

या काँट्रॅक्टमध्ये एक खोट मी मुद्दाम ठेवली आहे. कोणी डेटा न घालता नुसतेच इथर पाठवले, तर संख्या परत देणारी वाट चालते, व्यवहार यशस्वी होतो आणि इथर आत अडकतात. बाहेर काढणारी सूचनाच कोडमध्ये नाही. म्हणून सुरुवातीला पहारा बसवा: ३४ म्हणजे कॉलव्हॅल्यू, सोबत किती इथर आले ते. मग ६० आणि लेबलचा पत्ता, मग ५७. चार बाइट झाले. आणि अगदी शेवटी ते लेबल: ५बी ६० ०० ६० ०० एफडी. हा एफडी म्हणजे रिव्हर्ट, आल्या पावली परत पाठवणारा. आता मोजा. सुरुवातीला चार बाइट घुसले, म्हणून "वाढव" ०एफवरून १३वर सरकलं. पहाऱ्याचं लेबल १ईवर. एकूण लांबी २४, आपले ३६ बाइट. हमालाच्या पोटातही १एच्या जागी २४, ०बी मात्र तसाच. एक पहारा बसवला आणि जुन्या दोन आकड्यांत खाडाखोड झाली. पन्नास लेबलं असती तर खोडरबर संपलं असतं.

म्हणूनच असेंबलर, म्हणजे निमॉनिकांचे बाइट करून देणारा प्रोग्रॅम, लागतो, आणि तोही आपण कागदावर केलं तेच करतो, दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत बाइट काढायचे नाहीत, नुसतं मोजत जायचं: साधी सूचना एक, पुशला एक अधिक त्याचं पोट. लेबल दिसलं की त्याचा पत्ता वहीत टिपायचा. दुसऱ्या फेरीत बाइट लिहायचे आणि लेबलाच्या जागी वहीतला पत्ता घालायचा. पायथॉनमध्ये हे एका संध्याकाळचं काम आहे: निमॉनिक आणि ऑपकोडची एक डिक्शनरी, लेबलांची दुसरी, आणि दोन लूप. मी केलं, म्हणजे कोणीही करेल.

एकाच ठिकाणी डोकं लावावं लागतं. पुश१मध्ये २५५पर्यंतचाच पत्ता मावतो. कोड त्याहून लांबला की पुश२ हवा, पण पुश२ केला की कोड एक बाइटने वाढला, पुढची लेबलं सरकली, आणि काठावरचं आणखी एखादं लेबल २५५च्या पलीकडे गेलं. साधा उपाय म्हणजे लेबलांना सरसकट पुश२ द्यायचा. काँट्रॅक्टच्या कोडला २४,५७६ बाइटची मर्यादा आहे, त्यामुळे दोन बाइट नेहमी पुरतात. कंजूष उपाय म्हणजे सगळे पुश१ धरून सुरुवात करायची आणि न मावलेले तेवढे मोठे करत पुन्हा पुन्हा मोजायचं, काही हलेनासं होईपर्यंत. एकदा मोठा केलेला परत लहान करायची वेळ येत नाही, म्हणून मोजणी संपतेच. मी सरसकट पुश२वाली. पण कंजुषीलाही कारण आहे: साठवलेल्या प्रत्येक बाइटला २०० गॅस पडतो, आपल्या २६ बाइटना ५,२००.

कंजुषीच करायची तर सोपी जागा दाखवते. १२ एप्रिल २०२३च्या शांघाय अपग्रेडमध्ये ५एफ ही सूचना आली, पुश०. पोट नाही, नुसतं शून्य ठेवते. आपल्या पहिल्या कोडमध्ये ६० ०० पाच वेळा आलंय. पाचही ठिकाणी ५एफ घाला: २६चे २१ होतात, "वाढव" ०सीवर येतं. हमालातही दोन ठिकाणी घाला, तो ९ बाइटचा होतो:

६० १५ ८० ६० ०९ ५एफ ३९ ५एफ एफ३

एकूण ३० बाइट. पण जुन्या नियमांवर चालणारी साखळी असेल तर ५एफ तिला ठाऊक नसतो आणि कॉल बाद होतो, तेव्हा कुठे पाठवणार ते आधी बघा.

एवढं झालं की कॉम्पायलरने काढलेली माळही वाचता येते. सॉलिडिटी या काँट्रॅक्टं लिहायच्या भाषेचं ६० ८० ६० ४० ५२ म्हणजे मेमरीत ४०च्या जागी ८० लिही, "इथून पुढे मोकळी जागा" अशी खूण. लगेच ३४ ८० १५ दिसलं तर तो आपलाच पहारा, इथर आलेत का बघणारा. पुढे कुठेतरी ३९ ६० ०० एफ३ एफई किंवा नव्या कॉम्पायलरात ५एफ ३९ ५एफ एफ३ एफई दिसेल. तिथे हमाल संपला आणि खरा कोड सुरू झाला. खऱ्या कोडमध्ये ६३ आणि चार बाइट पुन्हा पुन्हा दिसतात. ती फंक्शनांची ओळख, नाव आणि प्रकारांच्या केचॅक-२५६ हॅशचे, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ठशाचे, पहिले चार बाइट. टोकन एकाकडून दुसऱ्याकडे पाठवणाऱ्या ट्रान्सफरचे ए९ ०५ ९सी बीबी. भाच्याला ते तोंडपाठ आहेत, मला ३ई म्हणजे एमव्हीआय ए पाठ आहे तसे.

आणि शेपूट. माळेच्या अगदी शेवटी बहुतेकदा ०० ३३ असतं, म्हणजे त्याआधीचे ५१ बाइट कोड नाहीत. ए२ ६४ ६९ ७० ६६ ७३ने सुरू होणारी ती मूळ फाइलींवरून काढलेल्या हॅशची आणि कॉम्पायलरच्या आवृत्तीची नोंद असते. उलटा अनुवाद करणारं हत्यार तिलाही सूचना समजून वाट्टेल ते छापतं, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

दिवाळीत भाचा कपाळाला हात लावून बसला होता तो यापायीच. साखळीवरचा कोड आणि त्याच्याकडचा कोड जुळत नव्हता, "एक अक्षरही बदललं नाही" म्हणून शपथ घेत होता. आम्ही दोन्ही माळा छापून जेवणाच्या टेबलावर एकाखाली एक ठेवल्या आणि पट्टी सरकवत गेलो. ए२ ६४पर्यंत बाइट-बाइट सारखं, फरक फक्त शेपटीत. मग त्याला आठवलं: मधे एका कॉमेंटमधलं स्पेलिंग त्याने सुधारलं होतं.